पुण्यात चर्च ऑर्गनिस्ट व्हायचंय? पेटीपासून क्वायरपर्यंतचा रस्ता

दर डिसेंबरात कॅरोल्स संपल्या की कोणीतरी आई नाहीतर काका आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे येतात, याला ऑर्गन शिकायचाय म्हणे, कुठे पाठवू, पुढे यात काही आहे का. पाच मिनिटांत सांगता येत नाही म्हणून हे एकदाचं सगळं लिहून काढतेय. मी पुण्यात एकोणीस वर्षं वाजवतेय, सुरुवात घरातल्या पेटीवर, मग एका छोट्या मराठी मंडळीत, नंतर कॅम्पात इंग्रजी उपासनेला, आणि गेली काही वर्षं क्वायरही माझ्याकडे आहे. मला कोणी क्रमाने सांगणारं भेटलं नाही, त्यात बरीच वर्षं गेली. तुमची जायला नकोत.

१. आधी चर्च बघा, वाद्य नंतर

पुण्यात "चर्चमध्ये वाजवतो" म्हणजे चार वेगळी कामं असू शकतात. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ चं, सेंट पॉल्स १८६७ चं, अशा जुन्या चर्चमध्ये इंग्रजी हिम्स, चार भागांतलं गायन (सोप्रानो आणि आल्टो हे बायकांचे वरचा-खालचा आवाज, टेनर आणि बेस पुरुषांचे), ठरलेली उपासनापद्धत. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय (तेच पंचहौद मिशन, जिथल्या १८९० च्या चहावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं होतं) मराठी. सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल, क्वार्टर गेटचं सिटी चर्च ही कॅथलिक, तिथे मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, असते आणि तिचे भाग ठरलेले असतात. शिवाय छोट्या मंडळ्या, तिथे पेटी, तबला, झांजा, कीबोर्ड सगळं एकत्र चालतं.

सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हटलं की सगळीकडे सारखंच असेल असं समजू नका. १९७० साली वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एकत्र येऊन ती झाली, त्यामुळे एकाच गीताची चाल एका चर्चमध्ये एक आणि दोन किलोमीटरवर दुसरी असं आजही होतं.

म्हणून पहिलं काम एवढंच, ज्या चर्चमध्ये वाजवायची इच्छा आहे तिथे सलग चार रविवार मागच्या बाकावर बसा. वही घेऊन. कोणतं गीत कोणत्या चालीत, मंडळी कुठे श्वास घेते, दानार्पणाला किती वेळ लागतो, पाळकसाहेब प्रार्थनेआधी थांबतात का. मी हे न करता थेट वाजवायला बसले होते आणि पहिल्याच गीताला मी एका वेगात, मंडळी दुसऱ्या वेगात.

कॅथलिक चर्च असेल तर एक नियम आधीच माहीत असू द्या. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ऑर्गन फक्त गाण्याला आधार म्हणून वाजतो, नुसतं वाद्यसंगीत नाही. आणि पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर (हे मिस्सेतलं स्तुतिगीत) ईस्टरच्या जागरणातल्या ग्लोरियापर्यंत तो जवळजवळ गप्पच असतो. नवीन माणूस गुड फ्रायडेला छान काहीतरी शोकगंभीर तयार करून येतो आणि फादर हात करून थांबवतात.

२. ऑर्गन म्हणजे नक्की कोणता?

मराठी घरात ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीत आठवतं. तो ऑर्गन रीडचा, पायाने भाता मारायचा, पेटीच्या कुळातला. जुन्या चर्चमधूनही असेच रीड ऑर्गन असायचे, काही ठिकाणी अजून कोपऱ्यात आहेत, भात्याचं चामडं फाटलेलं, पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकणाऱ्या. तुमच्या चर्चमध्ये असा असेल तर टाकून देऊ नका म्हणून कमिटीला सांगा, दुरुस्त होऊ शकतो, आणि आत उंदीर शिरू देऊ नका.

पाइप ऑर्गन हे वेगळं प्रकरण. हातांसाठी दोन किंवा जास्त कीबोर्ड, त्यांना मॅन्युअल म्हणतात, पायांसाठी ३० किंवा ३२ पट्ट्यांचं पेडलबोर्ड, आणि बाजूला स्टॉप्स, म्हणजे कोणत्या पाइपा वाजायच्या ते ठरवणाऱ्या खुंट्या. स्टॉपवर ८, ४, १६ असे आकडे असतात ते फुटांचे. ८ म्हणजे पेटीसारखाच नेहमीचा सूर, कारण सगळ्यात खालच्या सीची उघडी पाइप साधारण आठ फूट लांब असते. ४ चा स्टॉप ओढला की तीच पट्टी एक सप्तक वर बोलते, १६ चा ओढला की एक सप्तक खाली. एवढं कळलं तरी अर्धी भीती जाते. पुण्यात चालू पाइप ऑर्गन मोजकेच, त्यामुळे बहुतेकांची गाठ डिजिटल ऑर्गनशी नाहीतर ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डशीच पडणार, त्यात कमीपणा मानू नका.

घरी सरावाला: एक कीबोर्ड, हेडफोन, आणि लॅपटॉप असेल तर ग्रँडऑर्ग हे फुकट सॉफ्टवेअर, त्यात पाइप ऑर्गनचे खरे रेकॉर्ड केलेले आवाज येतात. पेडल नंतर. बूट मात्र पहिल्यापासून वेगळे ठेवा, पातळ चामडी तळ आणि थोडी टाच असलेले, फक्त ऑर्गनसाठी. स्पोर्ट्स शूज घालून पेडल वाजवलं की दोन पट्ट्या एकदम दाबल्या जातात.

३. पेटी येते, मग काय विसरायचं?

पेटी येत असेल तर कान तयार आहे, ही मोठी गोष्ट आहे, कोणी नाक मुरडलं तरी ऐकू नका. पण तीन सवयी बदलाव्या लागतात.

एक, डावा हात. पेटीत तो भात्यावर असतो, इथे त्याला टेनर आणि बेस सांभाळायचाय. वर्षभर तो त्रास देतो. रोज वीस मिनिटं फक्त डावा हात वाजवा.

दोन, सोडणं. पियानोचा सूर आपोआप विरत जातो, ऑर्गनचा नाही, बोट आहे तोवर तो तसाच्या तसा राहतो. त्यामुळे पट्टी कधी दाबली याइतकंच कधी उचलली हे ऐकू येतं. ओळीच्या शेवटी चारही सूर एकाच क्षणी सुटले पाहिजेत, नाहीतर शेपूट राहतं. सस्टेन पेडलची सवय असेल तर ती मोडा, सूर जोडायचे असतील तर पट्टी न सोडता बोट बदलायला शिका.

तीन, नोटेशन. स्टाफ, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य नोटेशन, वाचता आलंच पाहिजे, याला पळवाट नाही. पण पट्टीची भाषा टाकू नका, कारण तबलजी आणि भजनी मंडळी तुमच्याशी त्याच भाषेत बोलणार. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, काळी पाच बी फ्लॅट. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर हवा.

४. शिक्षण आणि परीक्षा

पुण्यात ऑर्गनचे शिक्षक कमी, पियानोचे भरपूर. त्यामुळे आधी पियानो, साधारण पाचव्या ग्रेडपर्यंत, आणि बरोबरीने रविवारी ऑर्गनवर बसणं, हाच रस्ता मला सगळ्यात सरळ वाटतो. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी कॉलेज लंडन या दोन ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड परीक्षा इथे मुलं देतात. फरक लक्षात ठेवा: एबीआरएसएममध्ये सहावी ते आठवी प्रॅक्टिकल द्यायची तर आधी पाचवी थिअरी किंवा तिच्या जागी चालणारी परीक्षा पास लागते, ट्रिनिटीत अशी अट नाही. एबीआरएसएमला १५० पैकी १०० ला पास, १२० मेरिट, १३० डिस्टिंक्शन. खूप मुलं थिअरी टाळत राहतात आणि पाचवीनंतर दोन वर्षं तिथेच अडकतात, हा सगळ्यात कॉमन ट्रॅप.

ऑर्गनमध्येच पुढे जायचं असेल तर लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स, १८६४ पासूनचं, त्यांचे डिप्लोमा आहेत. तिथे नुसते तयार पीस चालत नाहीत, समोर आलेली चाल तिथल्या तिथे दुसऱ्या पट्टीत वाजवणं, सुरावटीला हार्मनी देणं, हे सगळं बघतात. आणि खरं सांगायचं तर रविवारच्या कामाला उपयोगी पडतं ते हेच.

५. मंडळीबरोबर वाजवणं

सर्टिफिकेट असलेली मुलं इथे अडखळतात आणि आठ वर्षं पेटी वाजवलेले आजोबा सहज निभावतात. त्यामुळे यावर जरा सविस्तर.

शब्द आधी पाठ करा, चाल नंतर. जिथे शब्दात श्वास आहे तिथेच बोटं उचलायची. मी अजूनही वाजवताना मनात शब्द म्हणते, सगळी कडवी. ज्या कडव्यात अर्थ ओळीवरून पुढे सरकतो तिथे मी श्वास देत नाही, आणि मंडळी बरोबर माझ्यामागून येते, त्यांना कळतही नाही.

कडव्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी सारखं ठेवा. मंडळीला त्या अंतराचा भरवसा वाटला की ती एकदम उचलते, अंतर कमीजास्त झालं की पुढच्या बाकावरचे एकटे सुरू करतात आणि मग घाबरून गप्प होतात.

मोठ्या चर्चमध्ये मागच्या लोकांचं गाणं तुमच्यापर्यंत उशिरा पोचतं. त्यांच्यासाठी थांबायला लागलात की ते आणखी मागे पडतात, मग तुम्ही आणखी थांबता, चौथ्या कडव्यापर्यंत गाणं रांगायला लागतं. आपली लय सोडू नका.

पट्टी खाली ठेवा. पुस्तकात गीत ज्या सुरात छापलंय तो बऱ्याचदा क्वायरच्या सोप्रानोसाठी असतो. सकाळी साडेसातच्या उपासनेत साठ वर्षांच्या काकू वरचा ई घेणार नाहीत, त्या तोंड मिटून उभ्या राहतात. माझा नियम, सर्वसामान्य मंडळीला वरच्या डीच्या वर नेत नाही.

स्टॉप्स माणसं मोजून लावा. तीस जणांना ८ आणि ४ पुरतात. चर्च भरलं असेल तर २ घाला, मिक्सचर (एका पट्टीवर अनेक उंच सूर एकदम वाजवणारा स्टॉप) शेवटच्या कडव्याला. प्रार्थनेच्या मागे वाजवायला सांगितलं तर एकच मऊ फ्लूट. आणि प्रार्थना संपत आली की तुम्हीही संपवा, तुमचा पीस पूर्ण व्हायला पाळकसाहेब थांबलेत असं दिसता कामा नये.

भजनाच्या चालीच्या गीतांना आणखी एक गोष्ट. तबला एका सुरात लावलेला असतो. तुम्ही ऐनवेळी पट्टी बदललीत तर तो बेसूर होतो, आणि लोक तबलजीकडे बघतात. शनिवारीच सांगून ठेवा कोणतं गीत कोणत्या पट्टीत.

आणि कीबोर्डवरचं ट्रान्स्पोजचं, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवायचं, बटण. एकदा दानार्पणाच्या भजनासाठी मी ते तीनवर नेलं, शून्यावर आणायचं राहिलं, पुढच्याच गीताला क्वायरने आपला सूर मनात धरलेला आणि मी दीड स्वर वर सुरू केलं. ईस्टर होता. सोप्रानोंच्या चेहऱ्यावरची भीती मला अजून दिसते. तेव्हापासून प्रत्येक गीताआधी डोळे आधी त्या आकड्याकडे जातात.

वही करा. पहिली ओळ, मराठी "उपासना संगीत" मधला नंबर, चालीच्या पुस्तकातला नंबर (हे दोन वेगळे असतात आणि इथेच घोळ होतो), चालीचं नाव, मीटर, पट्टी. मीटर म्हणजे ओळीतली अक्षरं, ८.६.८.६ ला कॉमन मीटर, ८.८.८.८ ला लाँग मीटर. मीटर सारखं असेल तर अनोळखी चालीऐवजी ओळखीची चाल लावता येते, पण आधी गुणगुणून बघा, अक्षरं जुळली तरी जोर चुकीच्या शब्दावर येतो कधीकधी.

६. क्वायर हातात आली तर

ती बहुतेक न मागता येते. कोणीतरी बदली होऊन जातं आणि सेक्रेटरी म्हणतात, तुम्हीच बघा आता.

पुण्यात प्रॅक्टिसला शनिवार संध्याकाळ धरा. गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असते, लाईट जाते, आणि हिंजवडीहून आयटीवाले आठवड्यात वेळेत पोचत नाहीत. दीड तास, त्याहून जास्त नाही. गणपती उठले की आम्ही कॅरोल्स काढतो, तेव्हा कुठे ॲडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारपर्यंत काहीतरी उभं राहतं.

टेनर मिळत नाहीत, हे मान्य करा. दोन टेनरवर चार भागांचं गीत ओढण्यापेक्षा पुरुषांचा एकच भाग ठेवून तीन भागांत बसवा, ऐकायला शंभर पटीने चांगलं लागतं.

नोटेशन न येणाऱ्यांना टॉनिक सोल्फा शिकवा. दो रे मी मधला दो आपल्या सा सारखाच सरकतो, त्यामुळे सारेगम येणाऱ्याला ते एका संध्याकाळीत कळतं. मी तर वॉर्मअपला सरळ अलंकारच घेते. फक्त ऐकवून ऐकवून पाठ करून घेण्याच्या मार्गाला लागू नका, पहिलं गीत लवकर बसतं पण दहावं बसायलाही तेवढाच वेळ लागतो.

शास्त्रीय शिकलेले गायक आले तर त्यांचा मान ठेवा आणि एक गोष्ट समजावून सांगा: चार भागांत मींड घेतली की कॉर्ड धूसर होते, भजनात मात्र तीच मींड हवी. त्यांना हा फरक पटकन कळतो. उच्चारांचं म्हणाल तर जोडाक्षर ठोक्याच्या आधी आणि स्वर ठोक्यावर. "प्रभू" मधला प्र जर ठोक्यावर सुरू केला तर वीस जणांचे वीस प्र ऐकू येतात.

७. स्वतःचं काही लिहायचं असेल

हे केव्हातरी सुचतंच, कारण मराठी शब्दांना नीट बसणारं चार भागांतलं संगीत फार कमी आहे. जुनी बरीच गीतं पाश्चात्त्य चालीत भाषांतर करून बसवलेली आहेत. इंग्रजीत जोर ठरावीक अक्षरावर असतो, मराठीत आपण ऱ्हस्वदीर्घावर चालतो, त्यामुळे ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर आलं की कानाला टोचतं.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ही अडचण शंभर वर्षांपूर्वीच ओळखली होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा अभंग सोडला नाही, ख्रिस्ताची भक्ती त्याच छंदात लिहिली. मोठ्या अभंगाची मापं ६, ६, ६, ४. कोणत्याही कॉमन मीटरच्या चालीत ते बसत नाही, शेवटचा चार अक्षरांचा तुकडा लोंबकळतो. मी सुरुवातीला तो तुकडा दोनदा म्हणायला लावून जागा भरत असे, चुकीचं होतं ते, त्या चार अक्षरांतच अभंग खाली टेकतो. आता मी तिथे क्वायरला एका सुरात आणते आणि ऑर्गन फक्त सा आणि प धरून ठेवतो.

दुसरा निर्णय शेवटच्या अ चा. बोलताना "देव" मधला व आपण अर्धा सोडतो, गाताना "दे-व" अशी दोन अक्षरं होतात. लिहिण्याआधीच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा, नाहीतर प्रॅक्टिसला निम्मे असं म्हणतात निम्मे तसं.

लिहायला म्यूझस्कोर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. शब्द यूनिकोडमध्येच टाइप करा, श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधून चिकटवलेत तर कचरा दिसतो. आणि जोडाक्षर तोडताना जपून, एकदा छापून शनिवारी वाटलं की मग दुरुस्त्या पेन्सिलनेच.

कॉपीराइट: आपल्याकडे १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. टिळक १९१९ साली गेले, त्यांनी हयातीत छापलेले शब्द मोकळे आहेत. पण शब्द वेगळे, चाल वेगळी, हार्मनी वेगळी, तिन्ही तपासा. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाण्याला कायद्यात सूट आहे, पुस्तकाच्या पन्नास झेरॉक्स काढून वाटायला ती सूट लागू होत नाही. स्वतःच्या रचनेवर हक्क आपोआप असतो, नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून करून ठेवलेली बरी. रचना बाहेर वाजायला लागल्या तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सभासदत्व बघा.

८. पैसे

स्पष्ट बोलते. नुसत्या रविवारच्या वाजवण्यावर पुण्यात घर चालत नाही. काही चर्चेस मानधन देतात, काही येण्याजाण्याचा खर्च, काही ठिकाणी ही सेवा समजली जाते. मला पहिली दोन वर्षं काही मिळत नव्हतं. मुख्य उत्पन्न शिकवण्यातून येतं, मग लग्नं, मग शाळांची क्वायर. जुनीच गोष्ट आहे ही. बाख १७२३ ते १७५० लाइपझिगला होता, तोही शाळेत शिकवायचा, क्वायर बसवायचा, रविवारसाठी लिहायचा, आणि १७३० च्या एका पत्रात त्याने तक्रार केलीय की हवा चांगली असली की अंत्यविधी कमी होतात आणि मिळकत घटते.

मी अंत्यविधीचे पैसे घेत नाही, हा माझा निर्णय, तुमचा तुम्ही ठरवा. पण दहा गीतं अशी पाठ ठेवाच की दोन तासांत फोन आला तरी जाता येईल.

लग्नाचं आधी ठरवा आणि मेसेजवर लिहून घ्या: किती वाजता, कोणती गीतं, प्रॅक्टिस किती. सिनेमातलं गाणं मागितलं तर हो म्हणू नका, पाळकसाहेबांना विचारून सांगते म्हणा. आणि नवरी उशिरा येतेच. एका लग्नाला पन्नास मिनिटं उशीर झाला, माझ्याकडे वीस मिनिटांचं संगीत होतं, तेच तेच तिसऱ्यांदा वाजवताना पाहुणे मागे वळून बघायला लागले. आता तासाभराचं घेऊन जाते.

चर्चला किंवा शाळेला अर्ज करताना लागणारे कागद:

- बाप्तिस्म्याचा दाखला किंवा आपल्या मंडळीचं सभासदत्वाचं पत्र (सगळीकडे मागत नाहीत)
- पाळकांचं शिफारसपत्र
- ग्रेड परीक्षांची सर्टिफिकेट्स
- आधार, पॅन, बँकेचा तपशील
- येत असलेल्या गीतांची आणि पीसेसची यादी
- मंडळी गात असतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ, एकट्याने वाजवलेल्याचा नको
- शाळेसाठी बऱ्याचदा पोलीस व्हेरिफिकेशन

९. पहिल्या रविवारी

पाऊण तास आधी पोचा. वाद्य चालू करून बघा, ट्रान्स्पोज शून्य, आवाजाचं पेडल कुठे आहे ते पायाने शोधा, स्टूलची उंची लावा. पिशवीत: गीतांची वही, दोन्ही पुस्तकं, ऑर्गनचे बूट, पेन्सिल, कपड्याच्या क्लिपा कारण वरून पंखा पानं उडवतो, टॉर्च, पाण्याची बाटली. पाळकसाहेबांकडून उपासनेचा क्रम हातात घ्या आणि नंबर त्यांच्यासमोर एकदा मोठ्याने वाचा, फळ्यावरच्या नंबरांशीही ताडून बघा. डिजिटल ऑर्गन असेल तर सेक्स्टनदादांना, म्हणजे चर्चची देखभाल करणाऱ्यांना, विचारा की तो इन्व्हर्टरवर आहे का. नसेल तर कुठल्या कपाटात पेटी ठेवलीय ते बघून, ती उघडून, भाता चालतोय याची खात्री करूनच जागेवर बसा.